नऊ टॉवेल

डोरीनबाईंच्या खोलीत फरशीवर चुन्याचे पोपडे पडले होते. एनेदिनाने ते झाडून घेतले आणि वर पाहिलं. पंख्याशेजारी छताचे चार-पाच गोल टवके उडालेले. शनिवारी ती साफसफाई करून गेली तेव्हा छत धड होतं, आज मंगळवार. घर भाड्याचं, मालकाने विचारलं तर बोल तिलाच लागणार, म्हणून ती मनातल्या मनात करवादली.

बाहेर सज्जात डोरीनबाई कॉफीचा कप घेऊन मोजत होत्या. "सात, आठ, आणि हा नऊ. आहेत, सगळे आहेत."

थंडी पडली की कॅनडाची ही म्हातारी माणसं या किनाऱ्यावर यायची आणि मार्च सरता सरता परत जायची. नऊ खोल्यांत नऊ जण, सगळे एकेकटे. सकाळी समुद्रात डुंबायचं, दुपारी ताणून द्यायची, संध्याकाळी डॉमिनो खेळताना भांडायचं. आणि रोज सकाळी आठच्या सुमाराला डोरीनबाई असं काहीतरी मोजायच्या. सहा हिवाळे एनेदिना ते ऐकत आली होती. म्हाताऱ्या माणसांचे चाळे, विचारायचं तरी कशाला.

"सेन्योर लोर्न कॉफीला नाही आले?" तिने विचारलं.

"रुसलाय. शुक्रवारी डॉमिनोत मी त्याला लबाड म्हटलं, सगळ्यांसमोर. आहेच लबाड. तेव्हापासून तोंड दाखवत नाही." डोरीनबाई स्पॅनिश शिकल्या होत्या ती भांडणापुरतीच, पण भांडण्यात काही कमी पडायचं नाही. "बसू दे वर. ऐंशी वर्षांचा घोडा झालाय. समजूत काढायला मी काही त्याची आई नाही."

एनेदिना हसली, पण तिला चुटपुट लागली. लोर्न डोरीनबाईंच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत राहायचे. गुडघे गेलेले, तरी तिची पाण्याची बादली हट्टाने स्वतः जिन्यावरून वर न्यायचे आणि धापा टाकत तिलाच म्हणायचे, "दमलीस गं पोरी." पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं. आज बादली घ्यायला ते खाली आले नव्हते.

ती सज्जात आली. वरच्या कठड्यावरून लोर्नचा तांबडा टॉवेल खाली लोंबत होता. हात उंच करून तिने त्याचं टोक चाचपलं. दवाने ओलसर, खाऱ्या वाऱ्याने राठ झालेला. धुण्यात जन्म गेलेल्या हाताला लगेच कळलं, हा काही आज सकाळी वाळत घातलेला नाही.

"बाई, हा काढून धुवायला नेते. तीन रात्री दव खातोय, वास मारेल."

"हात लावू नकोस त्याला." डोरीनबाई इतक्या तडक बोलल्या की एनेदिनाचा हात तसाच वर राहिला. "ती आमची खूण आहे. एकटी राहणारी माणसं आम्ही. सकाळी उठलं की पहिला टॉवेल कठड्यावर, दिवस मावळला की आत. आठपर्यंत ज्याचा दिसला नाही त्याचं दार वाजवायचं. मागच्या हिवाळ्यात समोरच्या खोलीतली मार्गो वाचली ती यामुळेच. तुला ठाऊक नव्हतं?"

"मला कोणी सांगितलंच नाही."

"मग आता सांगितलं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

एनेदिनाने वर पाहिलं. टॉवेल निळ्या चिमट्यांनी अडकवलेला होता. ते चिमटे तिचे होते.

"बाई, तो टॉवेल मी वाळत घातलाय," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी वाऱ्याने खाली अंगणात पडला होता, मातीत लोळत. मी धुतला आणि जिन्यावरूनच हात लांबवून त्यांच्या कठड्याला चिमटे लावले, परत पडू नये म्हणून. दार बंद होतं. मला वाटलं, झोपलेत."

डोरीनबाईंनी कप कठड्यावर ठेवला. "रविवारी सकाळी होता की. कालही होता."

"मीच लावलेला होता तो."

"संध्याकाळी कोण आत घेतंय, कोण नाही, हे कोणी बघत नाही गं," डोरीनबाई म्हणाल्या. समोरच्या सज्जातून कोणीतरी हात हलवला. त्यांनी सवयीने हात हलवला आणि दारामागच्या खिळ्यावर ठेवलेली लोर्नची दुसरी किल्ली काढून एनेदिनाला दिली.

एनेदिना जिना चढून गेली. तिने दार वाजवलं, हाक मारली. आत पंखा घरघरत होता. खाऱ्या हवेने कुलूप गंजलं होतं, किल्ली अर्ध्यात अडली. डोरीनबाई खालच्या पायरीपाशीच थांबल्या होत्या.

"शनिवारी रात्री फरशी ठोकायला लागला," त्या खालूनच म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "तीन ठोके, मग थांबायचा, मग परत तीन. मला वाटलं, मुद्दाम छळतोय. मी झाडू उलटा धरला आणि खालून छत ठोकलं. मी ठोकलं की तो लगेच ठोकायचा. दोन दिवस हेच चाललं होतं."

एनेदिनाला सकाळचे चुन्याचे पोपडे आठवले.

"मग?"

"मग काल दुपारी गप्प झाला. मी म्हटलं, चला, जिंकले मी एकदाची."