सरांचे अनुमान

जंगलात एकट्याने तग धरणाऱ्या वीरांचे कार्यक्रम टीव्हीवर लागले, की विज्ञानाचे रमाकांत सर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची शवचिकित्सा करीत. "चित्रीकरण चालू आहे, म्हणजे समोर माणसे उभी आहेत, माणसे उभी आहेत, म्हणजे मदत हाताशी आहे. मग भीती कसली?" हे अनुमान पंधरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याला खोडता आले नव्हते.

आज अमडापूरच्या शिवारात अस्वल मागे लागले, तेव्हा सर मिळेल त्या कडुनिंबावर चढले. अस्वलालाही झाडावर चढता येते, हे त्यांना फांदीवर बसल्यानंतर आठवले. अस्वलाला ते आधीपासूनच ठाऊक असावे. त्याने बुंध्याला नखे रोवली होती.

इतक्यात रस्त्यावर जीप थांबली. सरांचा जुना विद्यार्थी जीवन चार मित्रांसह उतरला आणि पाचही जणांनी मोबाइल उंचावले.

"जीवन, फॉरेस्टवाल्यायले फोन लाव बे!" एरवी प्रमाण मराठीत बोलणारे सर फांदीला कवटाळून ओरडले.

जीवनने मोबाइल तसूभरही हलू न देता त्यांना मनापासून धीर दिला.

 

"भेऊ नका, सर! शूटिंग चालू हाय."