सपाट माथा

आईच्या इंटरनेट कनेक्शनच्या वापराचा आलेख रोज संध्याकाळी सातला वर चढायचा आणि एका ठरावीक उंचीवर पट्टीने आखल्यासारखा सरळ व्हायचा. तीच आमच्या व्हिडिओ कॉलची वेळ. "त्याचं इतकं सोसतेस कशाला गं? इथे तुझी खोली रिकामीच आहे," एवढं आई म्हणेपर्यंत तिचा चेहरा पडद्यावर गोठायचा.

"तिकडची लाइनच तुंबलेली असते. सासूबाईंना म्हणावं, जरा कमी बोला!" नवरा हसायचा. आम्ही दोघं एकाच इंटरनेट कंपनीत. कुणाला किती वेग मिळणार हे ठरवणारे कंपनीच्या राउटरवरचे नियम तो लिहितो, म्हणून वर्षभर मी त्याचं खरं मानलं.

पण तुंबलेल्या लाइनीचा आलेख करवतीसारखा दातेरी असतो. इतका सरळ माथा कुणीतरी वेगाला मर्यादा घातली तरच येतो. आज दुपारी ऑफिसात मी आईच्या भागातल्या राउटरवरचे नियम उघडले. मर्यादा एकट्या आईच्या कनेक्शनवर होती, सात ते आठ. खाली नवऱ्याचं नाव होतं, आणि तारीख आईने खोलीचा विषय पहिल्यांदा काढला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी जिन्यात जाऊन आईला साधा फोन लावला.



"आई, माझी खोली झाडून ठेव."