बरोबरच्या खाली बरोबर

"बरोबरचं चिन्ह पुन्हा घसरलं," कमल वैतागून म्हणाली.

अरविंद बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "घसरू दे. त्यावरून कोणी डॉक्टरेट अडवत नाही."

"शारदा मॅडम अडवतायत ना! तिसऱ्यांदा परत आलाय आलेख."

"मी तीन गावांचे तीन वेगळे आलेख दिले होते. ते एकत्र करायचं खूळ त्यांचं." त्याने मोजपट्टी आणि वही पिशवीत टाकली. "असीरगडचे आकडे एकदा पडताळून येतो. तिथे रेंज नसते, फोन करत बसू नकोस."

"मी येऊ? मी तर असीरगड खांडव्याच्या बसमधून पाहिला तेवढाच."

"उन्हात काय बघणार? केळीच केळी." गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

अरविंद बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. केळीच्या बुंध्याच्या घेरावरून घडाचं वजन आधीच सांगता येईल का, हा त्याचा विषय. शाहपूर, बहादरपूर आणि असीरगड अशी तीन गावं, प्रत्येक गावात एकशेवीस झाडं. पहिली दोन गावं सुट्ट्यांत उरकली. असीरगडसाठी मात्र दीड वर्ष दर रविवार गेला. कमल एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची, म्हणून आलेखांचं काम आपसूक तिच्याकडे आलं होतं. घरात दोघंच, त्यामुळे रविवार तिचा तिलाच असायचा.

शारदा मॅडम त्याच्या मार्गदर्शक. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकच आलेख काढा. कोपऱ्यात तिन्ही गावांची समीकरणं एकाखाली एक लिहा. बरोबरच्या खाली बरोबर आलं पाहिजे, आकड्याखाली आकडा.

वहीत हे पट्टी लावून दोन मिनिटांत झालं असतं. आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला ते कळेना. ओळी एकाखाली एक दिल्या की तो त्या मध्यावर आणून ठेवायचा. 'शाहपूर' हे नाव लहान, 'बहादरपूर' मोठं, त्यामुळे चिन्ह प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी जाऊन बसायचं. रिकामी जागा भरायला स्पेस दिली तर ती गिळून टाकायचा. कमलने अंदाजाने आकडे बदलून ओळी सरकवल्या. पडद्यावर जमलं, कागदावर छापलं तर पुन्हा वाकडं. तिने तो कागद चुरगाळून भिंतीवर फेकला.

राग चिन्हाचा नव्हताच. प्रबंध नवऱ्याचा, आणि तळमळ फक्त तिची. संध्याकाळच्या गाडीने मॅडम प्रबंध घेऊन इंदूरला जाणार होत्या, आणि हा माणूस 'घसरू दे' म्हणून निघून गेला होता.

दोन वाजता तिला सुचलं. ओळ अखंड कशाला हवी? प्रत्येक ओळीचे तीन तुकडे करायचे. डावीकडचा तुकडा उजव्या कडेला टेकवायचा, मधे नुसतं चिन्ह, उजवीकडचा तुकडा डाव्या कडेला. आणि आकडे अरविंदसारखे हाताने टाइप करायचे नाहीत, थेट फायलींतून काढायचे, सगळे चार दशांशांपर्यंत.

जमलं! तिन्ही चिन्हं एका रेषेत उभी राहिली.

एक खोट तेवढी राहिली होती. बहादरपूरचे हिरवे ठिपके कुठे दिसत नव्हते. असीरगडच्या तांबड्या ठिपक्यांखाली झाकले गेले असतील, असं म्हणून तिने आलेख मॅडमना मेल केला आणि सकाळचा गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

वीस मिनिटांत मॅडमचा फोन आला.

"कमल, लेबलं फार सुरेख बसवलीस. पण खालच्या दोन ओळी नीट वाच बरं."

कमलने वाचल्या. बहादरपूर आणि असीरगड. आकड्याखाली आकडा आला होता, आणि दोन्हीकडे तोच आकडा होता, चौथ्या दशांशापर्यंत.

"तू एकच फाइल दोनदा वाचलीस वाटतं," मॅडम म्हणाल्या. "घाईत होतं असं. पाचच्या आत सुधारून पाठव."

कमलचा चेहरा तापला. इतकं करून चूक आपलीच! तिने प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. फायलींची नावं बरोबर होती. मग फायलीच उघडल्या. बहादरपूरचं पहिलं झाड, घेर अठ्ठावन्न, वजन सतरा पूर्णांक सहा दशांश. असीरगडचं पहिलं झाडही तेच. एकशेविसावंही तेच.

म्हणजे अरविंदनेच पेन ड्राइव्हवर एकच फाइल दोन नावांनी चढवली होती! आणि आपण मघापासून स्वतःला दोष देतोय.

तिने अरविंदला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. घड्याळात साडेतीन झाले होते. खरे आकडे त्याच्या वहीत, आणि वही असीरगडला.

प्रबंधाच्या शेवटी शेतकऱ्यांची यादी होती, नावापुढे मोबाइल नंबर. असीरगडपुढे एकच नाव होतं, देवराम. तिने तो नंबर फिरवला. रिंग लगेच वाजली.

"देवरामभाऊ, मी बुऱ्हाणपूरहून कमल बोलतेय, अरविंद सरांच्या घरून. सर तुमच्या बागेत असतील, जरा त्यांना फोन देता का?"

"सर?" देवरामने विचारलं. "इथं तं नई आले ताई."

"मग वाटेत असतील. दर रविवारी येतात ना ते मोजायला?"

"नई हो. एकच बार आले व्हते, मांगच्या उन्हाळ्यात. गाडी सावलीत लावली अन् किल्ला पाहाले गेले. मोजलं बी नई काही." देवराम ओळख पटल्यासारखा मोकळा हसला. "अन् मले काय इचारता ताई, तुम्हीच तं व्हत्या ना सोबत! पोरगी उन्हानं लई रडत व्हती तुमची, मी माठातलं पानी पाजलं तिले. आता चालत असन ना ती?"