इरिडियमचा तुकडा

धाकटीचं लग्न ठरलं त्या साली मी प्रयोगशाळेत शिपाई होतो. खंडेनवमीच्या पूजेला देवस्थळीबाईंचा इरिडियमचा तुकडा मी लोखंडी घासणीनं लख्ख केला. दसऱ्यानंतर बाईंनी तो प्रयोगासाठी वितळवला.

हेलियम वापरून आणलेल्या, शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या थंडीत इरिडियम विजेला अडवणं सोडतं. बाईंच्या प्रबंधात रुथेनियम, ऑस्मियम झालं होतं. एवढंच राहिलं होतं. पण तुकडा वीज अडवतच राहिला.

“लोखंडाचा कण मिसळला तरी बिघडतं, काका. कशानं घासला नाहीत ना?” बाईंनी विचारलं.

नोकरीच्या भीतीनं मी म्हणालो, “छे हो! नुसतं फूल वाहिलं.”

बाईंचे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, “सहा वर्षं हेलियम उडवलंत. आता पोळ्या लाटा.”

संशय घेतला म्हणून बाईंनी माझी क्षमा मागितली. देवस्थळीबाईंनी त्याच वर्षी, नऊ डिसेंबरला, जीव दिला.