आधी झेंडा वर जाऊ दे

"हे उसव," मालक म्हणाले. "झेंड्याला चुणी चालत नाही."

शिंप्याने निमूटपणे तिसऱ्यांदा टीप उसवली. झेंडा परक्या देशाचा, शिवणारा परका, आणि मालकांचा तोरा केवढा. पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. त्यातून त्याला त्यांची सही हवी होती. राहण्याचा परवाना चार दिवसांत संपत होता. नव्या अर्जावर इथल्या एका नागरिकाने हमी द्यायची, नाहीतर बायको-मुलीसकट गाशा गुंडाळायचा.

"दादा, तेवढं हमीपत्र..."

"आधी झेंडा वर जाऊ दे."

महिनाभर हेच चाललं होतं.

राष्ट्रीय दिनाच्या सकाळी दोघं चौकात गेले. मालकांच्या शर्टाला अशी कडक इस्त्री, की बसायचीही चोरी. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला जांभया देत उभा होता. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा झोपू देत नाहीत," तो कुरकुरला. मालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मुकाट्याने खिशातून हात काढले.

मग दोरी ओढली गेली. महिनाभर मशीनपाशी ढीग होऊन पडलेलं ते कापड वाऱ्यावर उलगडलं, आणि शिंप्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाप रे, एवढं मोठं? हे आपण शिवलं? हजार माणसं एकदम गप्प झाली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. देश काही त्याचा नव्हता.

राष्ट्रगीत सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर लोक पुटपुटायला लागले. चष्मेवाला तर नुसते ओठ हलवत होता. मालकांनी मात्र चारही कडवी खणखणीत म्हटली, एक शब्द न चुकता. शिंपी थक्क होऊन बघत राहिला. मातीवर जीव लावावा तर असा, त्याला वाटलं.

गर्दी पांगली. शिंप्याने धीर करून कागद पुढे केला.

"दादा, झेंडा गेला वर. आता तरी सही करा. तुमच्यासारख्या अस्सल इथल्या माणसाने हमी दिल्यावर कोण नाही म्हणेल?"

मालकांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि नीट घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"माझी सही चालत नाही रे," ते म्हणाले. "नागरिक होण्यासाठी मी स्वतःच यंदा एकोणतिसाव्यांदा अर्ज केलाय."