सालकापडाची गाठ

रांग पुढे सरकायची थांबली, तेव्हा किसाक्येच्या आईने कुंपणाची तार घट्ट धरली.

वर्गाच्या दाराशी पर्यवेक्षक मुलांना तपासून आत सोडत होता. बूट काढायला लावी, खिसे उलटे करायला लावी, मग पारदर्शक पिशवीतली पट्टी, पेन्सिल, पेन उजेडात धरून पाही. नऊला गणित. सातवीचा हा पहिला पेपर. चार पेपर नीट गेले तर माध्यमिक शाळा, नाही तर आईबरोबर बाजार. किसाक्ये रांगेत अकरावी होती. तिचे पेन त्याने वर धरले होते आणि पेनाच्या मानेशी बांधलेली तांबूस चिंधी तो बोटाने फिरवून फिरवून पाहत होता.

"काय अडलं तिथं?" शेजारी उभ्या सालोंगोने विचारले. जुळ्यांच्या बापाला गाव देते ती ही पदवी. त्याचे मूळ नाव आता कुणाच्या तोंडी उरले नव्हते. त्याची दोघे, वास्वा आणि कातो, किसाक्येच्या मागेच खोळंबली होती.

"मी बांधलेली गाठ," ती म्हणाली.

शुक्रवारी प्रार्थनेला सगळ्यांची पेने एका टोपलीत ओतली होती. पाद्रीबाबांनी टोपलीवर हात ठेवून डोळे मिटले. सगळी पेने निळी, सगळी एकाच दुकानातली. आपल्या लेकीचे पेन दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून तिने खूण बांधली. झाडाची साल कुटून केलेले, मयताला गुंडाळायचे कापड शिवणारी बाई ती. तिच्या घरात दुसरी चिंधी कुठून असणार?

"अहो, त्याला तो ताईत वाटणार," सालोंगो म्हणाला. "सालकापड म्हटलं की एक तर मयत, नाही तर देवऋषी. दोघांनाही परीक्षेला बसू देत नाहीत."

"तुमच्या बायकोकडं दोरा मागायला हवा होता."

"दिला नसता. तिच्याकडं जे असतं ते जुळ्यांपुरतं, दोनच असतं."

ती हसली नाही. "मीच सांगितलंय पोरीला. हे पेन हातात असलं की हात थरथरणार नाही म्हणून."

गेल्या वर्षी किसाक्ये याच दारातून कोरा पेपर देऊन बाहेर आली होती. त्या दिवसापासून मायलेकींच्या बोलण्यात गणित आले नव्हते. आला तो फक्त हात. सालोंगोला ते ठाऊक होते.

पर्यवेक्षकाने पेन खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिले आणि टेबलावरचे दुसरे किसाक्येपुढे धरले. तिने ते घेतले नाही. तिने गुडघे टेकले. वडीलधाऱ्यांपुढे मुली टेकतात तसेच, रोजच्यासारखे. पण आज त्या तांबड्या मातीवर ती फार लहान दिसली. तिचे ओठ हलत होते. पर्यवेक्षकाने रागावल्यासारखे काही केले नाही. त्याने नुसती मान हलवली आणि घड्याळ पाहिले.

किसाक्ये उठली. दाराकडे मात्र वळली नाही. ती वळली कुंपणाकडे, आणि तारेमागच्या तीस चेहऱ्यांतून एक चेहरा शोधू लागली.

आईचा हात आपोआप वर गेला.

"हात खाली, बाई." बंदूकवाला शिपाई तारेपलीकडून चालत आला. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. गेल्या साली वरच्या शाळेत एका बापानं नुसती मान डोलावली. आख्ख्या शाळेचा निकाल अडकला."

"मी फक्त 'जा' म्हणते."

"म्हणा की. मग ह्या सगळ्या आयांना तुम्हीच समजावा."

बायका तिच्याकडे पाहू लागल्या. नऊला चार मिनिटे होती. मुलीच्या नजरेला नजर सापडली होती आणि ती नजर काहीतरी मागत होती; होकार, नकार, काहीही. आईने चेहरा दगडासारखा करून पाहिला. तेवढ्यानेही मुलीने एक पाऊल कुंपणाच्या दिशेने टाकले.

तेव्हा आईने तार सोडली. तळव्यावर तारेच्या गाठीचा खोल ठसा उमटला होता. ती सावकाश वळली आणि शाळेकडे पाठ करून, रस्त्यापलीकडच्या फणसाकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो, हे काय?" सालोंगोने विचारले.

"तुम्ही बघा. मला सांगा. बघतेय का ती?"

"बघतेय. तुमच्या पाठीकडं."

"आता?"

"आता खाली बघतेय."

"रडतेय?"

"इतक्या लांबनं मला माझी दोन पोरं वेगळी ओळखू येत नाहीत, बाई. डोळे कुठनं दिसणार?"

रस्त्यावरून केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसेपर्यंत सालोंगोला दार दिसेना. ती फणसाची फळे मोजत होती. चारवर येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

"पेन घेतलं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"टेबलावरचं. तुमचं तिथंच आहे, खिडकीत."

"हात?"

"हात पाठीमागं धरलेत." मग थोड्या वेळाने, "गेली. माझा वास्वाही गेला. नाही तर कातो."

घंटा झाली. दार लोटल्याचा आवाज इथवर आला. तारेशी उभ्या बायका हळूहळू पांगल्या. कुणी सावलीला, कुणी देवाच्या नावाला.

"वळा आता," सालोंगो म्हणाला. "दार लागलं. दिसत नाही तुम्ही तिला."

"राहू द्या," ती म्हणाली. "पहिलं पान तरी होऊ दे तिचं."