गाळाचा ढीग

बंद पडलेल्या खाणीचा विषारी गाळ घरांच्या अगदी पाठीशी साचला होता. तो उपसायला पोकलेनवाला आला, तेव्हा पहिल्याच घरातून त्याच्या वहिनीने हाक मारली, "भाऊजी, लवकर उरका. पोरं खोकून बेजार झालीत."

त्याने बकेट ढिगात घातली. दात रुतताच घरातून वहिनीची किंकाळी आली. अंगावर पाल पडली असेल, असं म्हणून तो हसला आणि त्याने दुसरा घाव घातला.

थोरला भाऊ रक्ताने माखलेल्या हातांनी धावत आला. "थांबव! हिची पाठ फाटतेय, आणि खोलीत दुसरं कोणीच नाही!"

त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं.

तेवढ्यात ढिगाच्या पलीकडे मुकादमाने दुसरी मशीन सुरू केली. तिचा पहिला घाव बसला, आणि भाऊ पोट धरून त्याच्यासमोर कोसळला.